शांत पाण्याचा पट्टा

आम्हा बडोदेकरांचं पोहणं म्हणजे पूलमधलं पोहणं. मी लालबागच्या पूलमध्ये शिकलो, माझा पुतण्याही तिथेच शिकला. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला गेलो तेव्हा पाण्यात कुठे उतरायचं हे तोच ठरवणार होता. त्याने किनाऱ्यावर एक फेरी मारली आणि बोट दाखवलं, "काका, इथे लाटाच नाहीत. इथून जाऊ." दोन्ही बाजूंना पांढराशुभ्र फेस आणि मधे वीसेक पावलं रुंदीचा गडद, गुळगुळीत पट्टा. मलाही जागा पटली. टॉवेल वाळूवर टाकला आणि शिट्टी वाजली.

लाल-पिवळ्या कपड्यांतला जीवरक्षक चालत आला. तो ओरडला वगैरे नाही. वाळूतलं नारळाचं एक सोडण त्याने उचललं आणि त्या पट्ट्यात भिरकावलं. "बघत राहा," म्हणाला. सोडण परत किनाऱ्याला लागेल अशी आमची समजूत. मी मनात आकडे मोजत होतो. साठपर्यंत आलो तेव्हा ते तीसेक मीटर आत, फेसाच्या रांगेशी पोचलं होतं, आणि तसंच पुढे चाललं होतं.

याला रिप करंट म्हणतात. किनाऱ्यापासून थोडं आत पाण्याखाली वाळूचे उंचवटे असतात. त्यांच्यावर लाट फुटते आणि पाणी किनाऱ्याकडे ढकलते. असं होता होता किनाऱ्यालगत पाण्याची पातळी काही सेंटीमीटर चढते. आता या चढलेल्या पाण्याला परत जायला वाट हवी. वाळूच्या बांधात कुठेतरी खिंडार असतं, तिथे पाणी खोल, म्हणून लाट फुटत नाही आणि पातळीही चढत नाही. गच्चीवर साठलेलं पावसाचं पाणी जसं चहूकडून एका मोरीकडे धावतं, तसं किनाऱ्यालगतचं पाणी आडवं वाहत त्या खिंडाराशी येतं आणि तिथून समुद्रात सुटतं. खिंडाराच्या जागी वरून काय दिसतं? फेस नाही, लाट नाही, थोडा गडद रंग. म्हणजे नेमकं तेच, जे पाहून पुतण्या खूश झाला होता.

वेगाचं गणित पूलच्या भाषेत मांडतो. बऱ्यापैकी पोहणारा माणूस पन्नास मीटर दीड मिनिटात कापतो, म्हणजे सेकंदाला साधारण अर्धा मीटर. साध्या रिप करंटचा वेगही तेवढाच असतो. त्याच्या विरुद्ध किनाऱ्याकडे हात मारत राहिलं की माणूस जागच्या जागी पोहत राहतो आणि दमतो. खवळलेल्या दिवशी हा वेग सेकंदाला दोन मीटरच्या वर जाऊ शकतो. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चीनच्या पान झानलने १०० मीटर ४६.४० सेकंदांत पोहून विश्वविक्रम केला, त्याचा वेग सेकंदाला सुमारे २.१५ मीटर होता. तेव्हा "मला चांगलं पोहता येतं" हे वाक्य घरी ठेवून यावं.

रिप करंट माणसाला खाली खेचतो, हा समज मात्र चुकीचा आहे. तो आत नेतो, खाली नाही, आणि लाटा फुटतात त्या रेषेच्या थोडं पुढे जाऊन विरतो. माणसं बुडतात ती घाबरून आणि दमून. म्हणून पहिलं काम म्हणजे पाठीवर तरंगायचं आणि एक हात वर करून मदत मागायची. मग किनाऱ्याकडे नाही, किनाऱ्याला समांतर, जिकडे फेस दिसतो तिकडे सरकायचं. एका बाजूला जोर लागत असेल तर दुसरी बाजू धरायची. अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सच्या किनाऱ्यांवर जीपीएस लावलेले तरंगते फ्लोट सोडून पाहिलं, तेव्हा त्यातले बहुतेक गोल फिरून पुन्हा उथळ भागाकडे आले होते. नुसतं तरंगत राहिलेला माणूसही बऱ्याचदा असाच परत येतो. पण 'बऱ्याचदा' म्हणजे नेहमी नाही, म्हणून हात वर हवाच.

आता झेंडे. वर लाल, खाली पिवळा असे दोन झेंडे थोड्या अंतरावर रोवलेले असतात. त्यांच्या मधल्या पाण्यावर जीवरक्षकाची नजर असते, पोहायचं तिथेच. लाल म्हणजे धोका, आणि एकावर एक दोन लाल म्हणजे पाण्यात जायचंच नाही. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा झेंडा सर्फिंगवाल्यांच्या हद्दीचा. जांभळा असेल तर पाण्यात जेलीफिशसारखे त्रासदायक जीव आहेत. (आमच्या विश्वामित्रीत शेकड्यांनी मगरी आहेत, तिला बारमाही जांभळा लावावा लागेल.) काही देशांत नारिंगी कापडी नळी वाऱ्यावर फडफडताना दिसते: वारा जमिनीकडून समुद्राकडे आहे, हवेची ट्यूब घेऊन जाऊ नका. ट्यूब हलकी, वर उंच. वारा तिला शिडासारखी आत नेतो आणि किनाऱ्याजवळचं पाणी मात्र छान सपाट दिसत राहतं. इथेही फसवणूक शांतपणाचीच.

झेंड्यांच्या जागा रोज ठरवाव्या लागतात, कारण वाळू सरकते आणि खिंडारं जागा बदलतात. मागच्या वर्षी जिथे मजेत डुंबलात ती जागा यंदा तीच असेल असं नाही. गोव्यात २००८ पासून दृष्टी मरीनचे जीवरक्षक हे काम करतात. लोकांना वाटतं जीवरक्षक म्हणजे उडी मारून वाचवणारा. खरं तर त्याचा दिवस शिट्ट्या वाजवण्यात, बोलणी खाण्यात आणि डोकी मोजण्यात जातो.

डोकी मोजण्याला कारण आहे. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा हात हलवून "वाचवा" असं ओरडत नाही. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवरचे जीवरक्षक फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्यांचं चित्रीकरण करून हे दाखवून दिलं. तोंड पाण्याच्या रेषेवर वरखाली होतं, मिळेल तेवढा वेळ श्वास घेण्यातच जातो, ओरडायला हवा उरत नाही. हात दोन्ही बाजूंनी पाणी खाली दाबत राहतात, ते वर काढून हलवणं त्याच्या हाती नसतं. अंग उभं, पाय जवळजवळ स्थिर. हे सगळं वीस ते साठ सेकंद. दोन हातांवरच्या नातेवाइकाला वाटतं, पोरगं उभ्याउभ्या खेळतंय.

अशा वेळी आपण उडी मारू नये. घाबरलेला माणूस हाताला लागेल त्यावर चढतो, आणि हाताला लागतो वाचवायला गेलेला काका. जीवरक्षक म्हणूनच दोघांच्या मधे तरंगती ट्यूब धरतो. आपल्याकडे रिकामा कॅन, बॉल, थर्मोकोलची पेटी, जे तरंगेल ते फेकावं आणि जीवरक्षकाला हाक मारावी.

बडोद्याला सगळ्यात जवळचा समुद्र मात्र गोव्याचा नाही, खंभातच्या आखाताचा. तिथे लाटांपेक्षा भरतीची भीती जास्त. आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत गेलेलं, त्यामुळे आत शिरणारं पाणी चढत जातं. उधाणाच्या दिवसांत भावनगरच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो, म्हणजे तीन मजले. सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत त्यातलं निम्मं पाणी चढतं: तासाला अडीच मीटर, मिनिटाला चार सेंटीमीटर. किनारा सपाट चिखलाचा असला की एवढ्या चढीनेही पाणी माणसाच्या चालीने पुढे सरकतं, आणि चिखलात पाय रुतलेला माणूस आपल्या नेहमीच्या चालीने चालत नसतो.

कावी-कंबोईचं स्तंभेश्वर महादेव आपल्याकडून सत्तर-ऐंशी किलोमीटर. भरतीला देऊळ पाण्याखाली जातं, ओहोटीला पुन्हा उघडं होतं. तिथे जाणारे लोक भरतीची वेळ विचारूनच निघतात. गोव्याहून आल्यावर पुतण्याला घेऊन गेलो, तर त्याने आदल्या दिवशीच वहीत मांडून ठेवलं होतं: दोन भरतींमध्ये बारा तास पंचवीस मिनिटं, म्हणजे आज पाणी दुपारी एकला आलं तर उद्या दोनला दहा कमी.