काडतुसातला सगळ्यात तापट तुकडा

दिवाळीच्या आधी सोलापुरात मधल्या मारुतीच्या बाजारात टिकल्यांची पाकिटं दिसायला लागतात. ज्या पोरांकडे पिस्तूल नसतं ती टिकली फरशीवर ठेवून दगडानं फोडतात. दगड हळू टेकवला तर काहीच होत नाही, नेमका आदळला की फट्! खऱ्या रिव्हॉल्वरच्या काडतुसाच्या बुडाशी जो छोटा गोल तुकडा दिसतो, तो प्रायमर म्हणजे या टिकलीचा थोरला भाऊ. घोडा पडतो, पिन प्रायमरवर आपटते, आतलं मिश्रण पेटतं, त्याची ज्वाला काडतुसाच्या पितळी पुंगळीतल्या दारूपर्यंत जाते आणि गोळी सुटते.

अमेरिकेत रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवायच्या आणि त्यात नवा प्रायमर, दारू, शिशाची गोळी बसवून घरीच काडतुसं भरायची, हा कायदेशीर छंद आहे. आपल्याकडे तसं नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही आणि काडतुसाचे सुटे भागही दारूगोळ्यातच मोडतात. सोलापुरातल्या परवानाधारकानं तयार काडतूसच घ्यायचं. तेव्हा इथे वाचायचं ते फक्त विज्ञान म्हणून, आणि ते विज्ञान भलतंच रंजक आहे.

१८१८च्या मे महिन्यात जनरल मन्रोच्या फौजेनं सोलापूरचा भुईकोट घेतला, तेव्हा कंपनीच्या शिपायांच्या हातात गारगोटीच्या बंदुका होत्या. चाप ओढला की गारगोटी पोलादावर घासायची, ठिणगी बाहेरच्या खळग्यातल्या दारूवर पडायची आणि ती जळून आग आत जायची. पाऊस पडला की सगळा कारभार थंड. खरं तर यावरचा उतारा तोवर निघालेला होता. स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर फोर्सिथ या पाद्र्याला पक्षी मारायची भारी हौस होती. खळग्यातली दारू भपकन पेटली की पक्षी गोळी पोचायच्या आत उडून जात. वैतागून त्यानं आघातानं पेटणारी रसायनं वापरून पाहिली आणि १८०७ साली पेटंट घेतलं. सैन्यानं ते स्वीकारायला मात्र आणखी तीसेक वर्षं लावली.

फोर्सिथनंतर आलेल्या, आघातानं पेटणाऱ्या टोप्यांमध्ये मर्क्युरी फल्मिनेट असायचं. ते पेटायला चोख, पण त्यातला पारा पितळात मुरतो आणि पुंगळी ठिसूळ होते. म्हणजे तीच पुंगळी पुन्हा भरायचा प्रश्नच मिटला. मग पोटॅशियम क्लोरेट आलं. ते जळून जे क्षार उरतात ते हवेतला ओलावा ओढतात आणि नळीला गंज चढवतात. आजच्या बहुतेक प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट, बेरियम नायट्रेट, अँटिमनी सल्फाइड आणि आघाताला चटकन पेटावं म्हणून चिमूटभर टेट्राझीन असतं. कारखान्यात हे मिश्रण ओलं असतानाच प्रायमरच्या धातूच्या वाट्यांमध्ये भरतात, कारण कोरडं झालं की ते कुणाचंच ऐकत नाही.

नुसत्या आपटण्यानं आग का लागते? आघाताची सगळी ऊर्जा मिश्रणात सारखी वाटली गेली असती, तर ते जेमतेम कोमट झालं असतं. १९४०च्या दशकात केंब्रिजमध्ये बाउडन आणि योफी यांनी याचा छडा लावला. ऊर्जा सारखी पसरत नाही. कण एकमेकांवर घासतात, मध्ये अडकलेली हवेची बुडबुडी चिरडली जाते आणि मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या ठिपक्यांवर तापमान क्षणात ४००-५०० अंशांपर्यंत चढतं. असा एक ठिपका टिकला तरी पुरे. म्हणून प्रायमरमध्ये मिश्रणाच्या समोर एक चिमुकली ऐरण बसवलेली असते. बाहेरून पिन, आतून ऐरण, मध्ये मिश्रणाची चटणी. घरी भरणारे ज्याला बॉक्सर प्रायमर म्हणतात, त्यात ही ऐरण प्रायमरच्या आतच असते आणि पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असतं. जुना प्रायमर त्याच भोकातून काडी घालून ढकलून काढता येतो. बर्डन पद्धतीत ऐरण पुंगळीचाच भाग असते आणि भोकं सहसा दोन, बाजूला; तिथे काडी चालत नाही. गंमत अशी, की बॉक्सर इंग्रज आणि बर्डन अमेरिकन; पण अमेरिकेनं घेतला बॉक्सरचा आणि युरोपात चालला बर्डनचा.

आता घरी भरणारे प्रायमर कसा निवडतात त्याकडे. रिव्हॉल्वरच्या काडतुसांसाठी आकार दोनच: लहान ४.४५ मिलिमीटर व्यासाचा, मोठा ५.३३चा. .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नमला लहान, .४४ मॅग्नमला मोठा. घोळ पुढे होतो. लहान पिस्तुली आणि लहान रायफली प्रायमर मापानं सारखेच. पण रायफलीची वाटी जाड, कारण तिला कितीतरी जास्त दाब सोसायचा असतो. रिव्हॉल्वरच्या घोड्याची स्प्रिंग अशा वाटीपुढे कमी पडू शकते. चाप हलका व्हावा म्हणून हौशी नेमबाज स्प्रिंग सैल करतात, मग तर पिन नुसतीच खूण उमटवून परत येते. तेव्हा ते मऊ वाटीचा, चटकन पेटणारा ब्रँड शोधत हिंडतात. उलट टोकाला पातळ वाटी जबर दाबाच्या काडतुसात घातली तर पिनेच्या जागी भोक पडून गरम वायू मागे फुटतो.

पण माझ्या मते खरी मजा दारूच्या जागेत आहे. .३८ स्पेशलची पुंगळी काळ्या दारूच्या काळातली, म्हणून ऐसपैस. आजची धूरहीन दारू तिच्यात तळाशी थोडीशीच बसते, बाकी पोकळी. नळी वर करून मग नेम धरला तर दारू प्रायमरजवळ सरकते. खाली झुकवून धरला तर गोळीजवळ. काडतूस तेच, तरी वेग बदलतो. मॅग्नम प्रायमरची ज्वाला मोठी आणि लांब. सावकाश पेटणाऱ्या दारूला तो बरा. पण नेहमीच्या जागी तो नुसता बदलून घातला तर दाब वाढू शकतो. म्हणून जाणकार प्रायमर बदलला की दारू कमी करून पहिल्यापासून सुरुवात करतात.

बसवतानाही कसब लागतं. प्रायमर पुंगळीच्या बुडापेक्षा किंचित आत हवा. वर राहिला तर रिव्हॉल्वरचं चक्र मागच्या पोलादाला घासून अडतं. शिवाय पिनेचा पहिला घाव प्रायमरला आत ढकलण्यातच खर्च होतो आणि दुसऱ्या घावाला बार उडतो. असं झालं की लोक प्रायमरच्या नावानं बोटं मोडतात. चूक बहुतेक वेळा बसवणाऱ्या हाताची असते.

आणि उष्णता. टेट्राझीन ९० अंशांवर काही दिवसांतच निकामी होतं. मे महिन्यात आपल्याकडे उन्हात बंद करून उभी केलेली गाडी तिथवर जात नसली, तरी काडतुसांचा डबा डॅशबोर्डवर ठेवायची ही जागा नव्हे.

प्रत्येक बारासोबत शिशाची, बेरियमची आणि अँटिमनीची वाफ हवेत जाते आणि गोठून सूक्ष्म गोल कण बनतात. बंदिस्त नेमबाजी केंद्रात ती श्वासातून शरीरात जाते, म्हणून तिथे पंखे लागतात आणि जेवणाआधी हात धुवायचे असतात. हेच कण संशयिताच्या हातावरून टिपून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तिन्ही धातू एकाच कणात सापडले की तो गोळीबाराचा भक्कम खुणेचा कण. शिसं टाळण्यासाठी आलेल्या काही प्रायमरमध्ये मात्र ही तिकडी उरलेलीच नाही. त्यामुळे प्रयोगशाळा आता टायटॅनियम आणि जस्ताचे कणही शोधतात.