याकिनिकूच्या टेबलावरचा धूर कुठे गेला?

जपानमधल्या याकिनिकूच्या, म्हणजे आपणच भाजून खायच्या मांसाच्या, हॉटेलात टेबलाच्या मधोमध जाळी असते आणि तिच्याखाली कोळसा किंवा गॅस. कच्च्या मांसाचे काप बशीत येतात, सोबत चिमटा. मग वेटर निघून जातो, पुढचं काम आपलं. बैलाच्या जिभेचा काप इतका पातळ असतो की जाळीवर टाकताच त्याच्या कडा वळायला लागतात. वर रस सुटला की उलटायचा, दुसरी बाजू जेमतेम शेकायची, लिंबाच्या रसात बुडवून खायचा. गप्पांच्या नादात जरा दुर्लक्ष झालं की तोच काप चामड्यासारखा चिवट होतो.

पर्यटकांना यात गंमत वाटते, आणि ती आहेच. पण या जाळीमागे बरीच हलाखी सोसलेली माणसं आहेत. जेवताना त्यांची आठवण असावी असं मला मनापासून वाटतं.

मुळात जपानात मांस उघडपणे खाणं हेच अलीकडचं. इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मू यांनी गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर बंदी घातली. ती वर्षातल्या काही महिन्यांपुरतीच होती, पण बौद्ध विचारांच्या प्रभावामुळे पुढे हजारावर वर्षं मांसाहाराकडे, विशेषतः गोमांसाकडे, नाक मुरडूनच पाहिलं गेलं. १८७२ साली खुद्द सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं आणि वारं फिरलं. योकोहामा, तोक्योमध्ये ‘ग्यूनाबे’ची दुकानं चालू लागली. निखाऱ्यावर लोखंडी भांडं, त्यात गोमांस आणि पातीचा कांदा, भोवती गिऱ्हाइकं. भांड्यात शिजवत खायचा गोमांसाचा आजचा पदार्थ, सुकियाकी, याच घराण्यातला.

याकिनिकूचं घराणं मात्र वेगळं. १९१० मध्ये जपानने कोरिया गिळंकृत केला. त्यानंतर जमीन गेलेले, काम शोधणारे कोरियन लोक ओसाकाच्या कारखान्यांकडे येऊ लागले. पुढे युद्धाच्या काळात कित्येकांना सक्तीने मजुरीला आणलं गेलं. १९४५ साली जपानमध्ये सुमारे २० लाख कोरियन होते. बहुतेक परतले, पण सहा लाखांच्या आसपास तिथेच राहिले. नोकरी मिळेना, घर भाड्याने मिळेना. मग उपजीविकेसाठी काळ्या बाजाराच्या गल्ल्यांत शेगड्या पेटल्या. जपानी खाटीक ज्याला हात लावायचे नाहीत, ती आतडी, कोठा, काळीज हे लोक आणत. ते स्वच्छ धुवायचं, लसूण, तिळाचं तेल, सोया सॉस चोळायचं आणि ‘शिचिरिन’ नावाच्या मातीच्या शेगडीवर भाजायचं. या पदार्थाला ‘होरुमोन’ म्हणतात. ओसाकाच्या बोलीत ‘होरु मोनो’ म्हणजे टाकून द्यायची वस्तू, त्यावरून हे नाव पडलं असं तिथे आवडीने सांगतात. काही अभ्यासक ते ‘हार्मोन’ या शब्दाशी जोडतात, म्हणजे ताकद देणारं खाणं. खरं काहीही असो, पहिली व्युत्पत्ती लोकांच्या तोंडी टिकली यातच त्या दिवसांची चव आहे.

ओसाकातलं १९४६ साली सुरू झालेलं ‘शोकुदोएन’ हे या प्रकारच्या अगदी सुरुवातीच्या हॉटेलांपैकी एक. हळूहळू आतड्यांच्या जोडीला बरगडीचं मांस आलं. अडचण एकच राहिली, ती धुराची. निखाऱ्यावर चरबी ठिबकली की लोट उठायचा आणि कपडे, केस सगळ्यांना वास लागायचा. ऑफिसच्या कपड्यांत किंवा लेकराबाळांना घेऊन तिथे कोण जाणार?

हा प्रश्न एका यंत्राने सोडवला. नागोयाच्या शिंपो या कंपनीने १९८० मध्ये बिनधुराची शेगडी आणली. जाळीच्या कडेने हवा खाली ओढायची आणि टेबलाखालच्या नळीतून धूर बाहेर काढायचा, इतकी साधी कल्पना. माझ्या मते याकिनिकूच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं वळण हेच. हॉटेलं उजळ, नेटकी झाली, बायका-मुलं येऊ लागली. त्यात १९९१ मध्ये गोमांसाच्या आयातीवरचा कोटा उठला आणि मांस स्वस्त झालं. २९ ऑगस्ट हा ‘याकिनिकू दिवस’ ठरला, कारण ८, २, ९ हे आकडे जपानीत ‘या-नि-कू’ असे वाचता येतात.

गिऱ्हाईकच आचारी झालं की मांस नीट भाजण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते. एरवी हे कुणाच्या ध्यानात येत नाही. २०११ मध्ये एका साखळी हॉटेलातलं कच्चं गोमांस खाऊन पाच जण दगावले. त्यानंतर नियम कडक झाले आणि २०१२ च्या जुलैपासून गुरांचं काळीज (यकृत) कच्चं वाढायला बंदी आली. कच्चं उचलायचा चिमटा वेगळा आणि खायच्या काड्या वेगळ्या, हे म्हणूनच काटेकोरपणे पाळावं.

आपल्याकडे टेबलातली शेगडी घरोघरी माहीत झाली ती २००६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘बार्बेक्यू नेशन’मुळे. तिथे मात्र मांसाच्या शिगा स्वयंपाकघरातून बऱ्याचशा भाजूनच येतात. टेबलावरचा निखारा त्या गरम ठेवतो, कच्च्याचं पक्कं करायचं काम आपल्यावर पडत नाही.

आणि २०१८ च्या २९ ऑगस्टला तोक्योच्या शिंबाशीत ‘याकिनिकू लाइक’ हे हॉटेल उघडलं. एका माणसाला एक छोटी शेगडी. ऑफिस सुटलं की एकेकटे लोक तिथे येतात, आपापली जाळी तापवतात आणि आपल्या मनासारखं भाजून खातात.