आवाज फाटतो तेव्हा

‘व्हॉल्व्हच्या ॲम्पला तोड नाही, प्रोसेसर शेवटी प्रोसेसरच.’ इलेक्ट्रिक गिटार वाजवणारे चार जण जमले की हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून येतंच. व्हॉल्व्ह म्हणजे गिटारच्या ॲम्प्लिफायरमधली काचेची नळी, आणि प्रोसेसर म्हणजे तशा ॲम्पची डिजिटल नक्कल करणारं यंत्र. मग दुसरा कुणी मोबाइल काढतो, त्यावरचं रेकॉर्डिंग लावतो आणि म्हणतो, ‘डोळे मिटून सांग, यातला खरा ॲम्प कुठला?’ काचेच्या नळीत काहीतरी दैवी असतं इथपासून ते आता सगळं सॉफ्टवेअरमध्ये मिळतं इथपर्यंत सगळी विधानं करून झाली, तरी वाद मिटत नाही. मला विचाराल तर गिटारच्या त्या आवाजाचं सगळं गुपित आवाज नेमका कसा फाटतो यात आहे. तेवढं समजून घेतलं तर खरा ॲम्प कुठे वेगळा पडतो आणि कुठे पडत नाही, हे बऱ्यापैकी स्पष्ट सांगता येतं.

गिटारच्या स्टीलच्या तारांखाली पिकअप असतो. चुंबक आणि त्यांच्याभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. स्टीलची तार कंप पावली की वेटोळ्यातलं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि फॅरेडेच्या नियमानुसार तिथे अगदी थोडं व्होल्टेज तयार होतं. ॲम्प्लिफायरने ते वाढवायचं. आदर्श ॲम्प्लिफायर प्रत्येक क्षणाच्या व्होल्टेजला एकाच संख्येने गुणतो, म्हणून त्याला रेषीय म्हणतात. आत ११० आणि २२० हर्ट्झ गेले तर बाहेरही ११० आणि २२० हर्ट्झच येतात, फक्त मोठे होऊन.

पण कुठल्याही ॲम्पचा वीजपुरवठा मर्यादित असतो. त्या मर्यादेपलीकडे व्होल्टेज जाऊ शकत नाही, त्यामुळे गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, वाढवत नेला की गोलाकार तरंगांचे माथे चपटे होऊ लागतात. आवाज फाटतो तो इथे. चपटा झालेला तरंग आता एकाच वारंवारतेचा राहत नाही. फुरियेच्या गणिताने पाहिलं तर त्यात मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट अशा नव्या वारंवारता, म्हणजे हार्मोनिक, दिसतात. वरचा आणि खालचा माथा सारखाच कापला तर फक्त विषम पटीतले हार्मोनिक येतात. दोन्हीकडे वेगवेगळा कापला तर सम पटीतलेही येतात. दुसरा हार्मोनिक म्हणजे वरचा सा, तिसरा म्हणजे त्याच्या वरचा पंचम, पाचवा म्हणजे आणखी वरचा गंधार. यातलं काहीही तारेने दिलेलं नसलं, तरी ॲम्प ते निर्माण करतो.

ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये. मिरजेचे कारागीर तानपुऱ्याची जवारी काढतात तेव्हा याच जातीचं काम करत असतात. घोडीच्या वक्र पृष्ठभागावर तार कंपनाच्या प्रत्येक फेरीत टेकते आणि सुटते, त्यामुळे तारेचं कंपन रेषीय राहत नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये आपल्या तंतुवाद्यांवर लिहिताना दाखवलं की एखाद्या हार्मोनिकच्या निश्चल बिंदूवर, म्हणजे त्या हार्मोनिकमध्ये तार जिथे हलतच नाही तिथे, ती छेडली, तर नियमाप्रमाणे तो हार्मोनिक गायब व्हायला हवा. पण जवारीच्या घोडीवर तो खणखणीत ऐकू येतो.

गंमत म्हणजे सुरुवातीला गिटारवाल्यांना फाटलेला आवाज नकोच होता. गिटार आणि ॲम्प बनवणारे लिओ फेंडर स्वच्छ आवाजाचे ॲम्प बनवायच्या मागे होते. वाजवणाऱ्यांनी त्यांची बटणं शेवटपर्यंत फिरवली आणि हवा तो आवाज सापडला. फेंडरच्या बासमन ॲम्पचं सर्किट जवळजवळ जसंच्या तसं घेऊन १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात पहिला मार्शल ॲम्प तयार झाला. त्याच सुमारास अमेरिकेत नॅशव्हिलमध्ये एका ध्वनिमुद्रणात मिक्सरचा एक चॅनेल बिघडला आणि गिटारचा आवाज चिरफाळून गेला. तो बिघाड लोकांना आवडला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तसाच आवाज देणारं सर्किट बनवलं आणि गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये ते माएस्ट्रो फझ-टोन या नावाने बाजारात आणलं. त्यात तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि दीड व्होल्टचे दोन सेल होते. जाहिरातीत त्याची ओळख गिटारमधून ट्रम्पेट-ट्यूबासारखे आवाज काढणारं यंत्र अशी होती. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्स यांनी ते वापरलं आणि मग कुणालाच ट्रम्पेटची आठवण राहिली नाही.

आता एक प्रश्न. हेवी मेटलवाले सतत सा आणि प एवढीच जोडी का वाजवतात? गंधार का नको? अरेषीय सर्किटमध्ये दोन स्वर एकत्र शिरले की त्यांची बेरीज-वजाबाकीही बाहेर येते. सा ११० हर्ट्झ आणि पंचम १६५ हर्ट्झ घ्या. ११० च्या दुपटीतून १६५ वजा केले की ५५ हर्ट्झ. १६५ च्या दुपटीतून ११० वजा केले की २२०. जे काही निघतं ते सगळं ५५ च्या पटीत बसतं, म्हणजे खर्जातला सा आपोआप उभा राहतो, जो कुणी छेडलेलाच नाही. दोन बोटांत एवढा भरदार आवाज येतो तो यामुळे. आता पंचमाऐवजी गिटारच्या फ्रेटवरचा गंधार घ्या, १३८.६ हर्ट्झ. त्याच गणिताने ८१.४ आणि १६७.२ निघतात. ते एकमेकांशीही जुळत नाहीत आणि मूळ स्वरांशीही. कानाला गोंधळ ऐकू येतो.

पेडल, म्हणजे गिटार आणि ॲम्प यांच्यामध्ये जोडायची, पायाने चालू-बंद करायची छोटी यंत्रं, बनवणाऱ्यांना हे गणित अनुभवाने कळलेलं होतं. आयबानेझच्या ट्यूब स्क्रीमर या पेडलमध्ये नाव काहीही असो, ट्यूब नाही. सिग्नल वाढवणारी एक साधी ऑप-ॲम्प चिप आणि तिच्या फीडबॅकमध्ये सिलिकॉनचे डायोड आहेत. व्होल्टेज ०.६ व्होल्टच्या आसपास गेलं की डायोड वाहू लागतात आणि तरंगाचा माथा दाबतात. पण खरी हुशारी पुढे आहे. फाडण्याआधी सुमारे ७२० हर्ट्झच्या खालच्या भागाला कमी गेन दिला जातो, म्हणून खर्जाच्या बेरजा-वजाबाक्या माजत नाहीत आणि आवाज गढूळ होत नाही. इतकं सोपं कारण समोर असताना लोक त्यातल्या जुन्या ४५५८ ऑप-ॲम्प चिपच्या अमुक बॅचमध्ये जादू शोधतात. क्लॉन सेंटॉर या पेडलचं सर्किट निर्मात्याने इपॉक्सीत बुडवून झाकलं होतं. त्यातल्या जर्मेनियम डायोडभोवती तर पुराण तयार झालं आणि जुनी पेडल हजारो डॉलरला विकली जातात. सोन्याचा मुलामा दिलेल्या केबलचीही तीच कथा. केबलने आवाज बदलतो हे खरं आहे, पण तो बदलतो तिच्या लांबीमुळे. लांब केबलची धारिता, म्हणजे विजेचा भार साठवण्याची क्षमता, जास्त, आणि पिकअपच्या वेटोळ्याशी मिळून ती वरच्या वारंवारता गाळते. सोन्याचा त्यात काही संबंध नाही. ग्रहांची अंगठी विकणाऱ्याला जे प्रश्न विचारावेत तेच इथेही विचारावेत: मोजलं का, आणि डोळे बांधून ऐकलं का?

मग व्हॉल्व्हमध्ये विशेष काही नाहीच का? आहे, आणि ते मला फार आवडतं. गिटार ॲम्पमधला नेहमीचा व्हॉल्व्ह म्हणजे १२एएक्स७. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघून प्लेटकडे जातात. मध्ये ग्रिड नावाची तारेची जाळी असते, कॅथोडच्या तुलनेत व्होल्ट-दीड व्होल्ट ऋण. गिटारचा सिग्नल या जाळीवर येतो आणि इलेक्ट्रॉनचा ओघ कमी-जास्त करतो. विद्युतधारा व्होल्टेजच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात वाढते, म्हणून हा आलेख कुठेच सरळ रेषा नसतो. एका टोकाला ओघ हळूहळू बंद पडतो, तर दुसऱ्या टोकाला ग्रिड धन होतो आणि स्वतःच इलेक्ट्रॉन खेचू लागतो. दोन्हीकडे आवाज वेगवेगळा कापला जातो, म्हणून सम हार्मोनिक येतात.

आता जोरात स्ट्रोक मारला असं समजा. ग्रिड धन झाला, त्यातून धारा वाहिली आणि आधीच्या टप्प्याशी जोडणारा कपॅसिटर भारित झाला. तो भार लगेच जात नाही. ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १ मेगाओहमचा रोध, हे ॲम्पमध्ये नेहमी आढळणारे आकडे. त्यांचा गुणाकार म्हणजे २२ मिलिसेकंद. साधारण तेवढा वेळ ग्रिड नेहमीपेक्षा जास्त ऋण राहतो आणि मागून येणारा आवाज वेगळ्याच जागी कापला जातो. वीजपुरवठाही त्या स्ट्रोकखाली किंचित बसतो आणि पुन्हा सावरतो. म्हणजे या सर्किटला स्मरण आहे. आत्ता काय बाहेर येणार हे आत्ता काय आत आलं एवढ्यावर ठरत नाही, मघाशी काय आलं होतं यावरही ठरतं. वाजवणारे म्हणतात की ॲम्प ‘हाताला प्रतिसाद देतो’, ते हेच.

संगणकाला नेमकं इथेच अवघड गेलं. अमुक व्होल्टेज आत, तमुक बाहेर असा तक्ता बनवून चालत नाही. कपॅसिटरची प्रत्येक क्षणाची अवस्था सोबत वागवावी लागते. आणि दुसरी अडचण याहून खोल आहे. डिजिटल आवाज म्हणजे सेकंदाला, समजा, ४८,००० वेळा घेतलेली मोजमापं. अशा मोजमापांत २४,००० हर्ट्झच्या वरचं काहीच मावत नाही. पण फाटलेल्या तरंगाचे हार्मोनिक तर वर वर जातच राहतात. ते हरवत नाहीत, दुमडून खाली येतात. चित्रपटात टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं, तोच प्रकार कानाच्या बाबतीत घडतो.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. पहिल्या तारेवर चोविसाव्या फ्रेटला १३१८.५ हर्ट्झचा स्वर असतो. त्याचा ३५वा हार्मोनिक ४६,१४७.५ हर्ट्झ. तो ४८,००० मधून वजा होऊन १,८५२.५ हर्ट्झवर उतरतो. ३७वा हार्मोनिक ४८,७८४.५, तो ७८४.५ वर येतो, म्हणजे वाजवलेल्या स्वराच्याही खाली! पूर्ण चौकोनी झालेल्या तरंगात त्याची उंची मूळ स्वराच्या सदतिसावा हिस्सा असते, आणि तेवढी कानाला पुरते. आता तार थोडी खेचून स्वर पाव स्वराने चढवा, १३५७ हर्ट्झपर्यंत. ३७व्याचं भूत वर सरकून २,२०९ वर जातं, पण ३५व्याचं भूत १,८५२ वरून थेट ५०५ हर्ट्झवर घसरतं. हाताने स्वर वर चढवला आणि आवाजातलं काहीतरी खाली पळालं. कुठल्याही खऱ्या वाद्यात असं होत नाही. सुरुवातीच्या स्वस्त मॉडेलरमध्ये, म्हणजे ॲम्पची नक्कल करणाऱ्या प्रोसेसरमध्ये, वरच्या पट्टीतला सोलो ऐकताना लोकांना काहीतरी खोटं, काचेरी वाटायचं, त्याचा मोठा भाग हाच. त्यांच्या कानांनी चूक बरोबर पकडली होती, फक्त दोष संपूर्ण डिजिटल तंत्राच्या माथी मारला गेला. उपाय सरळ आहे, पण महाग: आतलं गणित आठपट वेगाने करायचं, २४,००० च्या वरचं गाळायचं आणि मगच मोजमापं विरळ करायची. १९९८ मध्ये लाइन ६ कंपनीचा पॉड हा मॉडेलर आला तेव्हाच्या चिपला हे ओझं जड होतं. आजच्या चिपला नाही.

स्मरणाचा प्रश्नही आता बराचसा सुटला आहे. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९-२० च्या सुमारास दाखवलं की न्यूरल नेटवर्कला काही मिनिटांचं रेकॉर्डिंग दिलं, आत गेलेलं आणि ॲम्पमधून बाहेर आलेलं, की ते सर्किट न बघताच त्याचं वागणं शिकतं. त्यानंतर ही पद्धत झपाट्याने पसरली आणि आज मोफत सॉफ्टवेअरमध्येही मिळते.

उरला स्पीकर. गिटारचा बारा इंची स्पीकर ५,००० हर्ट्झच्या वर झपाट्याने मंद होतो. फाटलेल्या आवाजातला कर्कशपणा तोच गाळतो, म्हणून फक्त पेडल थेट हेडफोनला जोडलं तर ऐकवत नाही. पण स्पीकर जवळपास रेषीय असतो आणि रेषीय गोष्टीची नक्कल सोपी. एका क्षणिक टिचकीला तो काय उत्तर देतो एवढं नोंदवलं की बाकी सगळं त्यातून काढता येतं. तशी २,०४८ आकड्यांची नोंद म्हणजे अवघे ४३ मिलिसेकंद.

मात्र ही नोंद स्पीकरपासून काही बोटं अंतरावर ठेवलेल्या मायक्रोफोनची असते. मॉडेलरमधून ऐकू येतो तो रेकॉर्ड झालेला ॲम्प. खोलीत कोपऱ्यात ठेवलेला ॲम्प, त्याच्यापासून तीन मीटरवर उभे असलेले आपण, भिंतींवरून येणारा आवाज, छातीला जाणवणारा खर्ज, हे त्यात नाही. ‘प्रोसेसरमध्ये मजा येत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा या फरकाची असते. डिजिटल विलंबाची तक्रार मात्र मला पटत नाही. तीन मिलिसेकंदांत ध्वनी हवेत एक मीटर जातो, म्हणजे तीन मीटरवरच्या खऱ्या ॲम्पचा आवाज तसाही नऊ मिलिसेकंद उशिराच पोहोचतो.

सोसायटीच्या फ्लॅटमध्ये सराव करणाऱ्याने मॉडेलर घ्यावा, यात मला शंका नाही. १०० वॉटचा ॲम्प कानाला १० वॉटच्या फक्त दुप्पट मोठा वाटतो, आणि १० वॉटसुद्धा शेजाऱ्यांना पुरेसे होतात. हेडफोनवर न मिळणारी एक गोष्ट म्हणजे स्पीकरच्या दणक्याने तारच पुन्हा हलू लागणं. मोठ्या आवाजात गिटार ॲम्पसमोर धरली की हवेतून पोहोचणारी ऊर्जा तारेत होणारी घट भरून काढते, स्वर विझायचं नाव घेत नाही आणि थोडं वळलं की तो दुसऱ्याच हार्मोनिकवर उडी मारतो. यासाठी व्हॉल्व्ह लागत नाही. लागतो तो तार हलवू शकेल एवढा जोराचा स्पीकर, आणि त्यामागे मॉडेलर जोडलेला असला तरी तार तशीच गाते.