बायबलचे ईश्वरप्रेरितत्व व निर्दोषत्व : मुंबईतील वाद

बायबल देवाच्या प्रेरणेने लिहिले गेले का, आणि गेले असेल तर त्यात एकही चूक संभवत नाही का, यांवरचा वाद. हे प्रश्न दोन आहेत आणि ते वेगळे ठेवले नाहीत तर चर्चा भरकटते. ग्रंथ ईश्वरप्रेरित मानूनही त्यात एखाद्या राजाचे वय चुकले आहे असे म्हणणारे ख्रिस्ती आहेत, आणि तसा एक आकडाही चुकणे शक्य नाही असे ठामपणे मानणारेही आहेत.

मुंबईत या वादाला वेगळे वळण लागले ते वेदप्रामाण्याच्या जुन्या चर्चेमुळे. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसा दर्शनाच्या पंडितांच्या, म्हणजे मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय आहेत, त्यांना कर्ताच नाही, म्हणून कर्त्याचे दोषही त्यांत उतरत नाहीत. मराठीत बायबलला ‘पवित्र शास्त्र’ म्हटले गेले आणि ऐकणाऱ्याने साहजिकच तीच कसोटी लावली. पण बायबलला कर्ते आहेत आणि ते लपून राहत नाहीत. आपण सगळ्याचा नीट शोध करून लिहीत आहोत, असे लूक आपल्या शुभवर्तमानाच्या सुरुवातीलाच सांगतो. प्रेषित पौल आपला सहकारी तीमथ्य याला पत्र लिहिताना, त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा येताना घेऊन ये, असा निरोप देतो. झग्याचा हा निरोप देववाणी कसा, असे विचारणाऱ्याला ‘प्रेरित’ आणि ‘अपौरुषेय’ यांतला फरक समजावल्याशिवाय उत्तर देता येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते इथल्या वादाची खरी गाठ हीच आहे.

स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. १८३१ मध्ये त्यांचा हिंदू धर्माची बाजू मांडणाऱ्या मोरभट दांडेकरांशी जाहीर वाद झाला. दांडेकरांनी आपली बाजू पुस्तकरूपाने मांडली, विल्सन यांनी १८३२ मध्ये तिला छापील उत्तर दिले. पुढे १८४३ मध्ये पारशी धर्मग्रंथांवर टीका करणारे त्यांचे पुस्तकही निघाले. पुराणांतल्या विसंगतींवर बोट ठेवणाऱ्याला स्वतःच्या शास्त्रातल्या विसंगतींचा जाब द्यावाच लागतो, आणि तो मागितला जाणे न्याय्यच होते. १८५७ च्या पूर्वार्धात विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी चौपाटीच्या वाळूवर मिशनऱ्यांशी वाद घातले. अमेरिकन मिशनचे जॉर्ज बोवेन यांनी या वादांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. आज विल्सन कॉलेजची इमारत उभी आहे ती त्याच किनाऱ्यासमोर.

आक्षेपांचा साठा मोठा आहे. यहोयाखीन राजा झाला तेव्हा अठरा वर्षांचा होता असे दुसऱ्या राजे या पुस्तकात आहे, तर हिब्रू पाठानुसार दुसऱ्या इतिहासात तो आठ वर्षांचा. दाविदाला शिरगणतीची बुद्धी एका ठिकाणी परमेश्वर देतो, दुसऱ्या ठिकाणी सैतान. येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताने गळफास घेतला असे मत्तय सांगतो. प्रेषितांच्या कृत्यांत मात्र तो पालथा पडून त्याचे पोट फुटते. यांतल्या वयाच्या फरकाला नकलनविसाची चूक हे उत्तर पटण्याजोगे आहे. यहूदाच्या दोन मरणांची सांगड घालायला मात्र फार ओढाताण करावी लागते.

मोहरीचा दृष्टान्त मराठी घराला सर्वांत जवळचा. येशू मोहरीच्या दाण्याला सर्व बियांत लहान म्हणतो. मिसळणाच्या डब्यातली मोहरी आणि शेजारच्या बरणीतली खसखस तळहातावर घेतली, तर खसखस कितीतरी बारीक असल्याचे कुणालाही दिसेल. म्हणून ते वचन खोटे ठरते का? तिथे वनस्पतिशास्त्र शिकवलेले नाही. ऐकणारा शेतात जे पेरत असे त्याविषयीचे ते बोलणे आहे. निर्दोषत्वाचे कट्टर समर्थकही हेच उत्तर देतात, आणि ते देताना शब्दशः अर्थापासून एक पाऊल मागे सरतात.

निर्दोषत्वाची आजची काटेकोर मांडणी अमेरिकेतली. प्रिन्स्टनच्या हॉज आणि वॉरफिल्ड या धर्मशास्त्रज्ञांनी १८८१ मध्ये ती केली, शिकागोच्या १९७८ च्या जाहीरनाम्याने ती पक्की केली. तीनुसार निर्दोष आहे तो मूळ हस्तलेख, नकला नव्हेत. पण मूळ हस्तलेख एकही उरलेला नाही, त्यामुळे हा दावा तपासता येत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये कॅथलिकांपुढे निराळा मार्ग ठेवला : आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य नोंदवायचे होते, ते शास्त्र चुकीविना शिकवते. मुंबईच्या कॅथलिकांच्या बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत, प्रोटेस्टंटांच्या ६६. म्हणजे निर्दोष म्हणायचे ते नेमके किती पुस्तकांना, यावरही एकमत नाही.

वादात हमखास पुढे येणारे वचन तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातले (३:१६). तिथे ‘परमेश्वरप्रेरित’ असे भाषांतर होणाऱ्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘देवाने फुंकलेला’ असा आहे, आणि त्या वाक्यखंडात ‘आहे’ हे क्रियापद नाही. त्यामुळे ‘प्रत्येक शास्त्रलेख परमेश्वरप्रेरित आणि उपयोगी आहे’ असेही भाषांतर होते आणि ‘परमेश्वरप्रेरित प्रत्येक शास्त्रलेख उपयोगी आहे’ असेही. पहिल्यात सगळ्या शास्त्राविषयी विधान आहे, दुसऱ्यात प्रेरित लेख कोणते हे उघडे राहते. दोन्हींत शब्द मात्र ‘उपयोगी’ असा आहे, ‘निर्दोष’ असा नाही.