टोपीतला चमचा: येनिचेरीच्या पुतळीमागचा इतिहास

संग्राहकांच्या कपाटातला येनिचेरी, म्हणजे उस्मानी (ऑटोमन) तुर्की सुलतानाचा पायदळ शिपाई, ओळखायला सोपा. उंची बहुधा ५४ मिलिमीटर, म्हणजे करंगळीएवढी. अंगात पायघोळ कोट, कमरेला यातागान नावाची बाकदार तलवार, हातात बंदूक आणि डोक्यावर पांढरी नमद्याची टोपी, जिचा रुंद पदर मागे पाठीवर पडलेला. टोपीच्या पुढच्या बाजूला, कपाळावर, एक पितळी नळकांडं असतं. ते तुऱ्यासाठी आहे असं वाटतं. सणासमारंभाला तुरा खोचतही. पण शिपाई त्यात आपला जेवणाचा चमचा ठेवायचा.

या चमच्यापासून सुरुवात केली की सगळी पलटण उलगडते. १४व्या शतकात उस्मानी सुलतानांनी हे दल उभारलं. ‘येनी चेरी’ म्हणजे नवं सैन्य. बाल्कनमधल्या ख्रिस्ती घरांतून मुलगे उचलून आणायचे, मुसलमान करायचे, तुर्की भाषा आणि शस्त्रं शिकवायची. या पद्धतीला देवशिर्मे म्हणत. आईबाप सुटलेले, लग्नाला सुरुवातीला बंदी. मग घर उरलं सुलतानाच्या अन्नाचं. अख्ख्या दलाचं नावच ‘ओजाक’, म्हणजे चूल. तुकडीचा प्रमुख ‘चोर्बाजी’, म्हणजे शोरबा करणारा. यातला ‘जी’ आपल्याला परका नाही. मशालची, खजिनची, तोपची यांतला ‘ची’ तोच, तुर्कीतूनच आपल्याकडे आलेला. तुकडीचा हंडा निशाणाइतकाच पवित्र. तो पालथा घातला की सुलतानाचं अन्न नाकारलं, म्हणजे बंड. आजही तुर्कीत बंडाला ‘हंडा उचलणं’ म्हणतात.

टोपीच्या पदराची एक गोष्ट सांगतात. संत हाजी बेक्ताश यांनी पहिल्या शिपायाच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा त्यांची बाही मागे लोंबली, तोच हा पदर. गोष्ट छान आहे, पण हाजी बेक्ताश १३व्या शतकातच वारले होते.

१४५३ला कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) जिंकलं, १५२६ला हंगेरीतली मोहाचची लढाई. या दलाचा दरारा युरोपभर होता. पुढे लग्नाची बंदी गेली, शिपायांची मुलं भरती होऊ लागली, कित्येक जण दुकानं चालवू लागले. पगारपत्रकावर नावं वाढली, रणात माणसं कमी. सुलतान मात्र त्यांना घाबरून राहिले: १६२२मध्ये दुसऱ्या उस्मानला त्यांनी मारलं, १८०७मध्ये तिसऱ्या सेलीमला गादीवरून खाली खेचलं. जून १८२६मध्ये हंडे पुन्हा चौकात आले, तेव्हा दुसऱ्या महमूदने त्यांच्या बराकींवर तोफा डागल्या. हजारो मेले, दल बरखास्त झालं. नव्या फौजेच्या डोक्यावर लवकरच लाल फेझ, म्हणजे गोंडेवाली टोपी, आली. तेव्हा फेझवाली पुतळी ‘येनिचेरी’ म्हणून कुणी विकायला आणली, तर खुशाल नाही म्हणा.

गंमत म्हणजे ज्या राजवटीने त्यांना संपवलं, तिनेच त्यांचे बाहुले केले. १८५२ साली इस्तंबूलमध्ये जुन्या पोशाखांचं संग्रहालय उघडलं, त्यात येनिचेरींचे माणसाएवढे पुतळे उभे होते. माझ्या मते कपाटातल्या पुतळीचे खरे पूर्वज हेच. शिवाय कारागिरांपुढे युरोपीय चित्रं होतीच. व्हेनिसचा चित्रकार जेंतिले बेल्लिनी याने १४८०च्या आसपास काढलेला बसलेला येनिचेरी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. स्वीडिश राजदूत क्लास रोलांब याने १६५७-५८च्या मुक्कामातून नेलेला पोशाखांचा चित्रसंग्रह स्टॉकहोममध्ये आहे.

एवढ्या काळांतून उचललेले तपशील एकाच शिपायावर चढवले की घोटाळा होतो. बेल्लिनीच्या शिपायाजवळ धनुष्य आहे. बंदूक सरसकट आली ती १६व्या शतकात. मिरवणुकीतला उंच तुरा लढाईच्या पुतळीवरही दिसतो, कारण तो खपतो. रंगाचंही तेच. पुतळ्या बहुतेक लालभडक. पण पलटणीचं लोकरी कापड यायचं सालोनिकाहून, म्हणजे आजच्या ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीहून. तिथले ज्यू विणकर आपला कर कापडाच्या रूपातच भरत, आणि त्यातलं बरंचसं कापड निळं असे.