ट्युनिशिया: २० मार्चच्या करारपत्राआधीचे साडेनऊ महिने

ट्युनिशियात २० मार्च हा स्वातंत्र्यदिन. तरी १९५६ च्या या तारखेला नेमके काय मिळाले, यावर तिथे आजही भांडणे होतात. २०१८ मध्ये तिथल्या सत्यशोधन आयोगाने जुनी कागदपत्रे उजेडात आणली तेव्हा वाद पुन्हा पेटला. स्वातंत्र्य अपुरेच राहिले, असा त्या कागदांचा अर्थ काहींनी लावला, तर अनेक इतिहासकारांनी एकत्र येऊन तो अर्थ खोडून काढला. हा वाद समजायचा तर १९५५ सालाकडे जावे लागते. पण त्याआधी एका शब्दाचा गुंता सोडवायला हवा.

१२ मे १८८१ ला फ्रेंच फौजेच्या दडपणाखाली ट्युनिसच्या राजाने, म्हणजे 'बे'ने, बार्दो इथे करारावर सही केली. त्या करारात 'संरक्षित राज्य' हा शब्द कुठेच नाही. तो आला दोन वर्षांनंतर, ८ जून १८८३ च्या ला मार्सा करारात, आणि खरा फास तोच होता. फ्रान्सला आवश्यक वाटतील त्या प्रशासकीय, न्यायविषयक आणि आर्थिक सुधारणा करण्याचे बेने त्यात कबूल केले. कागदावर बे सार्वभौम राहिला, हुकूम त्याच्याच नावाने निघत राहिले; कारभार मात्र फ्रेंच रेसिडेंट जनरलच्या हाती गेला. आपल्याकडची संस्थाने आणि त्यांच्या दरबारातला इंग्रज रेसिडेंट आठवला की हे चित्र चटकन डोळ्यांपुढे उभे राहते.

पुढची सत्तर वर्षे थोडक्यात सांगता येतात. १९२० मध्ये राज्यघटनेची मागणी करणारा पक्ष उभा राहिला, १९३४ मध्ये त्यातून तरुणांचा जहाल गट फुटून निघाला, ९ एप्रिल १९३८ ला ट्युनिसमध्ये निदर्शकांवर गोळीबार झाला. १९४३ मध्ये फ्रेंचांनी लोकप्रिय बेला पदच्युत केले. डिसेंबर १९५२ मध्ये कामगार चळवळीच्या सर्वांत मोठ्या पुढाऱ्याचा खून झाला. तोवर डोंगरांत बंदुका निघाल्या होत्या.

३१ जुलै १९५४ ला फ्रेंच पंतप्रधान कार्थेजला आले आणि त्यांनी 'अंतर्गत स्वायत्तता' देऊ केली. तीन महिन्यांत, १ नोव्हेंबरला, शेजारच्या अल्जेरियात युद्ध भडकले. तिथे लढायचे तर दोन्ही बाजूंचे शेजारी शांत हवेत, हे पॅरिसला कळत होते. ३ जून १९५५ ला स्वायत्ततेच्या करारांवर सह्या झाल्या. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार फ्रान्सकडेच राहिले. फ्रेंच ही ट्युनिशियात परकी भाषा मानली जाणार नाही, असेही त्यात लिहिले होते.

इथे निओ दस्तूर, म्हणजे १९३४ मध्ये फुटून निघालेल्या जहाल गटाचा पक्ष, दुभंगला. टप्प्याटप्प्याने घेत जायचे, मिळाले ते पदरात पाडून पुढचे मागायचे, ही पक्षाध्यक्ष हबीब बुर्गिबा यांची रीत होती. परदेशातून लढा चालवणारे पक्षाचे सरचिटणीस सालाह बेन यूसुफ एप्रिल १९५५ मध्ये बांडुंग परिषदेला हजर होते. आशिया-आफ्रिकेतले नवे देश एकत्र बसलेले पाहून आलेल्या माणसाला अर्धी भाकरी गोड लागणे शक्यच नव्हते. सप्टेंबरमध्ये ते मायदेशी परतले आणि ७ ऑक्टोबरला झैतूना मशिदीतल्या भाषणात त्यांनी या करारांना मागे टाकलेले पाऊल म्हटले. पक्षाने त्यांना काढून टाकले. नोव्हेंबरात स्फाक्सच्या अधिवेशनाने अध्यक्षांच्या बाजूने कौल दिला. जानेवारीत सरचिटणीस लिबियाला निसटले आणि त्यांचे अनुयायी दक्षिणेच्या डोंगरांत शिरले.

मग २ मार्च १९५६ ला मोरोक्को स्वतंत्र झाला. मोरोक्कोला स्वातंत्र्य आणि ट्युनिशियाला स्वायत्तता, हे टिकणारे नव्हते. अठरा दिवसांत पॅरिसमध्ये करारपत्रावर सही झाली. टप्प्यांचे धोरण फळाला आले, असे अध्यक्षांचे समर्थक म्हणतात. सरचिटणीसांनी ऑक्टोबरात जे मागितले तेच मार्चमध्ये मिळाले, असे विरोधक म्हणतात. माझ्या मते दोघेही खरे बोलतात. पण शाळेच्या पुस्तकांत कित्येक वर्षे एकच बाजू छापली गेली, आणि हा अन्याय लहान नाही.

करारपत्र अगदी छोटे आहे. फ्रान्स ट्युनिशियाचे स्वातंत्र्य गांभीर्यपूर्वक मान्य करतो आणि १८८१ चा करार यापुढे उभय देशांचे संबंध ठरवू शकत नाही, असे ते म्हणते. १८८३ च्या कराराचे त्यात नाव नाही. १९५५ च्या करारांतली जी कलमे नव्या स्थितीशी विसंगत असतील ती बदलली किंवा रद्द केली जातील, एवढेच आश्वासन आहे. बाकीच्यांचे काय, ते मोघम आहे. शिवाय 'परस्परावलंबन' हा शब्द आहेच. मूळच उपटल्यावर १८८३ चा करार कशावर उभा राहणार, हा इतिहासकारांचा युक्तिवाद मला पटतो. तरीही १९४९ मध्ये एका फ्रेंच कंपनीला दिलेला मिठागरांचा परवाना स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला, तेव्हा लोकांना संशय आला तर तो उगाच नव्हता.

पुढच्या घटनाही तेच सांगतात. स्वातंत्र्यानंतरही डोंगरांतल्या बंडखोरांवर फ्रेंच फौज कारवाई करत होती, नव्या सरकारच्या संमतीने. ८ फेब्रुवारी १९५८ ला, बाजाराच्या दिवशी, फ्रेंच विमानांनी सीमेवरच्या साकियत सिदी यूसफ गावावर बॉम्ब टाकले. जुलै १९६१ मध्ये बिझर्टच्या नाविक तळासाठी लढाई होऊन शेकडो ट्युनिशियन मेले. त्यानंतर महिन्याच्या आत, १२ ऑगस्टला, फ्रँकफर्टच्या एका हॉटेलात सरचिटणीसांची हत्या झाली. त्यांचे अवशेष मायदेशी आले ते १९९१ मध्ये.

शेवटचा फ्रेंच सैनिक १५ ऑक्टोबर १९६३ ला बिझर्टहून गेला. परकीयांच्या मालकीची शेतजमीन सरकारजमा करणारा कायदा त्यानंतरच्या वर्षी झाला आणि त्यासाठी दिवस निवडला होता १२ मेचा.