भात, पाट, माठ, बाठ

आरशासमोर उभं राहा आणि आवाज न काढता चार शब्द म्हणा: भात, पाट, माठ, बाठ. चारही वेळा ओठ सारखेच मिटतात, सारखेच उघडतात. फरक आहे तो दातांच्या आड, घशात आणि नाकात. आंब्याच्या दिवसांत कोकणातल्या घरात हे चारही शब्द एका जेवणात निघतात, आणि ऐकू न येणाऱ्या मुलानं ते ओठांवरून ओळखावेत अशी अपेक्षा असते. ज्याला भाषा आधीच येते तो संदर्भावरून गाळलेलं भरून काढतो. ज्याला पहिली भाषाच ओठांवरून शिकायची आहे, त्यानं काय करायचं? आणि त्याला घालायचं कुठे, ऐकणाऱ्या मुलांच्या शाळेत की खुणांच्या?

ऐकणाऱ्या मुलाला भाषा बरीचशी न शिकवताच येते. हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव चालू असतो, आईचा पदर धरून उभ्या पोरीकडे कोणाचं लक्षही नसतं. तरी भाव कसा चढला, कोण चिडलं, कोणी उगाच वाढवून सांगितलं, हे तिच्या डोक्यात जमा होत जातं. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, ही समजही अशीच येते. ऐकणाऱ्या आईबापांच्या बहिऱ्या मुलांना ती बऱ्याचदा उशिरा येते. खुणांची भाषा बोलणाऱ्या बहिऱ्या आईबापांच्या मुलांना मात्र ती वेळेवर येते. कान दोघांचेही तसेच असतात, घरातली भाषा वेगळी असते.

मेंदूला भाषा हवी असते, ती कानातूनच आली पाहिजे असं नाही. १९९१ मध्ये लॉरा-ॲन पेटिटो आणि पॉला मॅरेंटेट या संशोधकांनी दाखवलं की खुणांच्या घरातली बहिरी बाळं हातांनी बडबड करतात, ऐकणारी बाळं 'बाबाबा' करतात त्याच सुमाराच्या वयात. खुणांना स्वतःचं व्याकरण असतं हे भाषाअभ्यासक विल्यम स्टोको यांनी १९६० मध्येच मांडलं होतं. पण १८८० मध्ये मिलानला भरलेल्या बहिऱ्यांच्या शिक्षणावरच्या परिषदेनं शाळांमध्ये बोलण्यालाच प्राधान्य देण्याचा ठराव केला होता, आणि पुढे कितीतरी पिढ्यांच्या हातांवर बंदी आली. त्याबद्दल अधिकृत खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडलं. मला हा उशीर फार लागतो, कारण पहिल्या काही वर्षांत निसटलेली भाषा नंतर पुरती भरून निघत नाही.

आता वाडीतली शाळा घ्या. जून-जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळतो, आणि कानाचं मशीन बाईंच्या आवाजासोबत तो पाऊसही मोठा करतं. बाई फळ्याकडे वळल्या की ओठही गेले. लहानपणीच कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेनं कानात बसवायचं यंत्र) आणि नियमित वाचा-उपचार मिळालेली काही मुलं अशा वर्गात छान शिकतात, हे खरं आहे. तरी सुट्टीतल्या गलक्यात, चारजण एकदम बोलू लागले की, त्यांचीही दमछाक होते.

खुणांच्या शाळेत मूल गप्पा मारतं, भांडतं, चहाडी करतं. पण कोकणातली वस्ती वाड्यावाड्यांत विखुरलेली, एका वाडीत असं मूल बहुधा एकटंच. त्यामुळे अशी शाळा म्हणजे बऱ्याचदा तालुक्याचं किंवा जिल्ह्याचं गाव आणि वसतिगृह. सहा-सात वर्षांच्या पोराला तिथे ठेवून एसटीत बसणाऱ्या आईला कोणत्या तोंडानं सल्ला द्यायचा? आणि ते पोर गणपतीला घरी येतं तेव्हा घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं, सगळे कशावर तरी हसत असतात. त्यानं विचारलं की उत्तर मिळतं, 'काय नाय, असंच', नाहीतर 'मागाहून सांगतंय'.

म्हणून शाळा निवडण्याच्या कितीतरी आधी, बहिरेपण कळलं त्याच आठवड्यात, घरानं खुणा शिकायला लागावं असं मला वाटतं. मशीन लावणार असाल तरीही, कारण खुणांमुळे बोलणं मागे पडतं ही भीती बहुतेक संशोधनात टिकलेली नाही. भारतीय सांकेतिक भाषेचा दहा हजार शब्दांचा शब्दकोश २०२१ मध्ये आला आहे आणि तो मोबाइलवर बघता येतो. सुरुवातीला थोड्याच खुणा पुरतात: आई, पाणी, भात, अजून, कुठे, आणि कोण कशाला हसलं ते.